बुधवारचा खाऊबाजार : प्रकल्पाच्या नोंदी

१२ जून

शेवटी खाऊबाजाराला परवानगी मिळाली. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या बुधवारी मधल्या सुट्टीत लावा, महिनाभर बघू, मग पुढचं पुढे. शाळेत सहाशेच्या आसपास मुलं, सुट्टी २० मिनिटांची, आणि जागा मिळालीये तळमजल्यावरच्या व्हरांड्याची. पाण्याचे नळ अगदी शेजारी आहेत हे फार बरं झालं कारण आधी हात धुवायचे मगच रांगेत यायचं हा पहिला नियम ठरवलाय.

बाजार मुलांनीच चालवायचा. सातवी-आठवीतली वीस मुलं तयार झालीयेत. फळं, कापलेल्या भाज्या, उकडलेली अंडी, दही, भाजलेले शेंगदाणे, साधं पाणी. तळलेलं नाही, पाकिटातलं नाही, गोड पेय नाही. हे लिहायला सोपंय पण मी गेले तीन दिवस सुट्टीत घड्याळ घेऊन उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की अडचण वेगळीच आहे. घंटा झाली की पहिली चार-पाच मिनिटं टॉयलेट आणि पाणी यात जातात, मग मैत्रिणी शोधणं, जागा पकडणं, म्हणजे खायला हातात राहतात जेमतेम बारा मिनिटं, आणि त्यातलीही अर्धी मुलांना खेळायची असतात. पाकीट दोन सेकंदात फुटतं आणि पळता पळता खाता येतं. सफरचंद अख्खं दिलं तर ते खाऊन होईपर्यंत डाव संपलेला असतो. त्यामुळे जे काही ठेवू ते पाकिटाइतक्याच झटपट हातात पडलं पाहिजे, हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

१७ जून

पालकांची मीटिंग. चाळीस-पंचेचाळीस जण आले, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त. बहुतेकांचा पाठिंबा आहे. एका बाबांनी विचारलं की मुलांनी काय खायचं हे शाळेने का ठरवायचं, ते घरचं काम. प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं घरी काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा, पण शाळेच्या आवारात जे विकलं जातं त्याची जबाबदारी शाळेचीच ना. चिलीमध्ये २०१६ पासून जास्त साखर-मीठ-चरबी असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के असतात आणि असे शिक्के असलेली पाकिटं शाळेत विकता येत नाहीत, फिनलंडमध्ये तर १९४८ पासून सगळ्या शाळकरी मुलांना फुकट गरम जेवण मिळतं. आपण त्या मानाने फारच छोटं काहीतरी करतोय, आठवड्यातला एक दिवस.

खरा वाद झाला ज्यूसवरून. दोन-तीन पालकांचं म्हणणं की ताजा ज्यूस ठेवाच, मुलं आवडीने पितात, फळंच तर आहेत ती. मी ठाम नाही म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची मार्गदर्शक सूचना सांगते की दिवसभराच्या ऊर्जेपैकी मोकळ्या साखरेचा, म्हणजे पदार्थात वरून घातलेल्या किंवा मधासारख्यातल्या साखरेचा, वाटा १० टक्क्यांच्या आत हवा आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत, आणि फळांच्या रसातली साखर त्या मोकळ्या साखरेतच धरलीये, अख्ख्या फळातली नाही. फळ चावून खाल्लं की चोथा पोटात जातो, वेळ लागतो, पोट भरल्याचं कळतं. तीन संत्र्यांचा रस मात्र मूल अर्ध्या मिनिटात पिऊन मोकळं होतं, तीच तीन संत्री सोलून दिली तर दुसऱ्यालाच थांबेल. शेवटी ज्यूस नाही असं ठरलं. एक आई जरा नाराज होऊन गेल्या, त्यांच्याशी पुन्हा बोलायचंय.

२० जून

ॲलर्जीचे फॉर्म परत आले. तिसरीतल्या एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे, त्याची आई स्वतः येऊन भेटल्या, मागे एकदा रात्री त्याला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं होतं ते सांगताना त्यांचा आवाज कापत होता.

शेंगदाणे सोडणं मला जड गेलं हे खरंय. १०० ग्रॅममध्ये साधारण २५ ग्रॅम प्रथिनं, स्वस्त, फ्रीज लागत नाही, कापावं लागत नाही, खिशात मावतात, म्हणजे आमच्या वेळेच्या गणितात याच्याइतकं चपखल दुसरं काही नव्हतं. वेगळं टेबल, वेगळा चमचा असा पर्याय एका शिक्षकांनी सुचवला. पण सुट्टीत सहाशे मुलं त्याच हातांनी एकमेकांना टाळ्या देतात, तेच नळ वापरतात, वेगळं टेबल तिथे काय कामाचं. शेंगदाणे बाद. त्याऐवजी भाजलेले चणे घेतोय, प्रथिनं थोडी कमी पण फार नाही. फॉर्ममध्ये दूध, अंडं, गहू, तीळ हेही विचारलं होतं, दुधाचं न चालणारी चार मुलं आहेत, त्यांची नावं दह्याच्या टेबलवरच्या मुलांना पाठ करायला सांगितलीत.

२४ जून

एका शिक्षिकेने व्हॉट्सॲपवर पाठवलं की सफरचंदावर कार्टूनचं स्टिकर लावलं तर मुलं जास्त सफरचंदं उचलतात, असा अभ्यास आहे, आपणही करूया. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी शोधलं तर तो ब्रायन वानसिंक या अमेरिकन आहार-संशोधकाचा शोधनिबंध निघाला आणि तो २०१७ मध्ये मागे घेतला गेलाय, कारण त्यात मुलं ८ ते ११ वर्षांची असल्याचं लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात ती ३ ते ५ वर्षांची होती. पुढच्या वर्षी त्यांचे आणखी निबंध मागे घेतले गेले. ग्रुपवर हे टाकलं तेव्हा थोडी शांतता पसरली. स्टिकर वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण जे सिद्ध झालेलं नाही त्यावर मुलांची दोन दुपारं का घालवायची, त्या वेळात ती कापायला आणि वाढायला शिकतील. मुलांना काय आवडतं ते आपण आपल्याच बाजारात मोजू.

मोजण्यासाठी वाटीचं माप ठरवलं. दिवसाला ४०० ग्रॅम फळं-भाज्या हे दहा वर्षांवरच्यांसाठीचं प्रमाण, सहा ते नऊसाठी ३५० ग्रॅम. ४०० चे पाच भाग केले की एक भाग ८० ग्रॅमचा. तर आमची वाटी ८० ग्रॅमची. आठवीतल्या मुलींनी वजनकाट्यावर करून बघितलं, सफरचंदाच्या आठ-नऊ फोडी होतात. एक कूपन म्हणजे एक वाटी, काहीही घ्या.

३० जून

आज फार वाईट वाटलं. शुक्रवारी केळी आणि सफरचंदं दोन्ही आली होती, जागा कमी म्हणून मी स्वतःच सांगितलं की एकाच बंद क्रेटमध्ये ठेवा. आज उघडलं तर केळी काळी पडून फुटायला आलेली, खोलीभर गोड वास. सफरचंद पिकताना इथिलीन वायू सोडतं आणि तो केळ्यांना झपाट्याने पिकवतो, बंद क्रेटमध्ये तर तो कोंडूनच राहिला. मला हे माहीत होतं, शिकवते मी हे, आणि तरी घाईत डोक्यात आलं नाही. जी चांगली होती ती सोलून स्वयंपाकघरातल्या मावशींनी फ्रीझरमध्ये टाकली, बाकी खतात. आता केळी सोमवारी, तीसुद्धा टोकं हिरवी असलेली आणायची आणि दुसऱ्या खोलीत उघडी ठेवायची.

२ जुलै, बुधवार, पहिला बाजार

मुलं सकाळी पावणेसातला आली. डोक्याला टोप्या, नखं कापलेली, २० सेकंद साबणाने हात, हे सगळं त्यांनी एकमेकांचं तपासलं, मला एकदाही सांगावं लागलं नाही. काकडी, गाजर, सफरचंद, केळी, दही, अंडी, चणे. टेबलं पाच. पाट्या मुलांनीच रंगवलेल्या.

घंटा झाली आणि पाच मिनिटांत व्हरांडा भरला. एकच रांग ठेवली होती, ती जिन्यापर्यंत गेली. प्रत्येक मूल टेबलाजवळ आल्यावर विचार करायला लागायचं, हे घेऊ का ते, मग कूपन शोधायचं, मग मागे वळून मैत्रिणीला विचारायचं. पहिल्या दहा मिनिटांत मोजून ६४ वाट्या गेल्या. मग घंटा झाली आणि रांगेतली निम्मी मुलं हातात कूपन घेऊन तशीच वर्गात गेली. पहिलीतला एक छोटा माझ्यासमोर आला तेव्हाच घंटा वाजली, त्याने कूपन पुढे केलं होतं, मी त्याच्या हातात केळं ठेवलं, पण त्याच्यामागच्या मुलीच्या डोळ्यात पाणी होतं आणि तिला काही देता आलं नाही कारण बाई वर्गात बोलवत होत्या.

सफरचंदं कापून ठेवली ती अर्ध्या तासात तपकिरी झाली आणि मुलांनी हातच लावला नाही. गाजराच्या चकत्या उरल्या. उकडलेली अंडी संपली पण त्यांची गंमत वेगळी, लहान मुलांना सोलताच येईना. एक पहिलीतली मुलगी अंडं दोन्ही हातात धरून नुसती बघत उभी होती. आठवीतली एक ताई तिच्याशेजारी गुडघ्यावर बसली, अंडं भिंतीवर हळूच आपटलं, तळव्याखाली ठेवून फरशीच्या कठड्यावर गोल फिरवलं, कवचाला जाळीसारख्या भेगा पडल्या, मग म्हणाली आता बोथट टोकाकडून सुरू कर, तिथे आत हवा असते. पोरीने एवढा मोठा तुकडा एका झटक्यात काढला आणि ती ताईकडे बघून हसली. ते बघून मी दिवसभराचा थकवा विसरले.

३ जुलै

सगळ्या टीमबरोबर बसलो. कुणाला रागवायचं काही नव्हतंच, सगळी मनापासून राबली होती. मुलांनीच सांगितलं ते लिहितेय.

रांग एक नको, पाच हव्यात, टेबलागणिक. कोणत्या टेबलावर काय आहे ते आदल्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहायचं म्हणजे मुलं ठरवूनच येतील. कूपन सकाळी पहिल्या तासाला वाटायचं, वर्गशिक्षक देतील. पहिली-दुसरीला पाच मिनिटं आधी सोडायचं, हे बाईंना विचारावं लागेल. आणि वाटी टेबलावर आधीच भरून तयार हवी, मुलाने फक्त उचलायची आणि कूपन डब्यात टाकायचं, बस.

सफरचंदाचं कारण विज्ञानाच्या तासाला काढलं. फोड कापली की पेशी फुटतात, आतलं एन्झाइम आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात आणि रंग बदलतो, लिंबाच्या पाण्यात फोडी बुडवल्या की आम्लामुळे एन्झाइम मंदावतं. मुलांनी चार वाट्यांत करून बघितलं, साधं पाणी, मीठपाणी, लिंबूपाणी आणि काहीच नाही. तासाभराने लिंबूपाण्यातली फोड सर्वात गोरी. आता हा तास बाजाराचाच भाग झालाय.

९ जुलै

फरक पडला! पाच रांगा, भरलेल्या वाट्या, लहानग्यांना आधी सुट्टी. १२ मिनिटांत २१० वाट्या. शेवटी उभं राहून कुणी परत गेलं नाही. सफरचंद सगळं संपलं. गाजर चकत्यांऐवजी लांब कांड्या करून उभ्या ठेवल्या तर हातात धरून पळता येतात म्हणून गेली, चव तीच, फक्त आकार बदलला. अगदी छोट्यांसाठी मात्र बारीक कांड्या, आणि द्राक्षं आली तर ती उभी चिरूनच द्यायची, अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकतं.

अंड्यांचं पण सुधारलं. अगदी ताजी अंडी घेतली की ती सोलताना पांढरं कवचाला चिकटून येतं, आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवलेली सहज सुटतात, कारण तोवर कवचातून कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊन पांढऱ्याचा आम्लपणा कमी होतो. पुरवठादाराला आठवडा आधी आणायला सांगितलंय.

उरलेलं अन्न सांगायचंय. उकडलेली अंडी आणि दही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर वाटायचं नाही, टाकायचं, कितीही जीव तुटला तरी. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू भराभर वाढतात. दह्याचा डबा बर्फात, आणि त्यात थर्मामीटर, दर दहा मिनिटांनी एक मुलगा आकडा लिहितो. त्याची वही माझ्यापेक्षा नीट आहे.

१६ जुलै

मोड आलेली कडधान्यं ठेवूया असा आग्रह बऱ्याच पालकांचा होता. पौष्टिक आहेत यात वादच नाही. पण मोड यायला लागते ती ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच आवडते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली होती, साडेतीन हजारांहून जास्त माणसं आजारी पडली आणि पन्नासहून जास्त दगावली. म्हणून आम्ही मोड ठेवू पण कच्चे नाही, नीट वाफवून. पालकांना हे समजावून सांगितलं तर कुणीच वाद घातला नाही. मावशींनी आज पहिल्यांदा वाफवून दिले, लिंबू आणि किंचित मीठ, ४० वाट्या गेल्या.

बीट मात्र कुणी घेईना. त्यासाठी चवीचा चमचा सुरू केलाय, कूपन नाही, सक्ती नाही, एक छोटा तुकडा, नाही आवडला तर थुंकायला कागद. लिएन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात लहान मुलांवर केलेल्या कामातून दिसलं होतं की अनोळखी पदार्थ पुन्हा पुन्हा चाखला की आवड वाढते, कधी आठ-दहा वेळा लागतात, कधी त्याहून जास्त. एकदा नाही म्हटलं म्हणून मुलाला बीट आवडत नाही असं आपण घरी किती पटकन ठरवून टाकतो.

२३ जुलै

गणिताच्या सरांनी स्वतःहून एक टेबल मागितलं. मुलांनी घरून गोड पेयांच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे आणले, लेबल वाचायचं, १०० मिलीला किती साखर ते बघायचं, गुणायचं आणि तेवढी साखर काट्यावर मोजून ग्लासात ओतायची. कोलाच्या ३३० मिलीच्या डब्यात ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ नऊ चमचे. पाचवीतला मुलगा सहाव्या चमच्याला थांबला आणि सरांकडे बघून म्हणाला सर चुकलं का काहीतरी. सर म्हणाले पुन्हा गुणून बघ. त्याने गुणलं, आणि उरलेले तीन चमचे एकेक करून ओतले. आम्ही कुणी भाषण दिलं नाही, ग्लास तिथेच ठेवला. सुट्टी संपेपर्यंत त्याच्याभोवती घोळका होता.

३० जुलै

कँटीनच्या काकांशी आज शेवटी बसून बोलले, आधीच बोलायला हवं होतं. बुधवारी त्यांची विक्री निम्म्यावर येते. ते भांडले नाहीत, पण म्हणाले मॅडम, तुमचा बाजार चांगलाय, पण माझंही घर यावरच चालतं. हे मला झोंबलं, कारण आमच्या सगळ्या कागदांत त्यांचा उल्लेखच नव्हता. मग त्यांना विचारलं की तुम्हाला काय जमेल. त्यांच्याकडे मोठं पातेलं आणि गॅस आहे, तर मक्याची कणसं उकडून, दाणे काढून वाटीत, एक टेबल त्यांचं, कूपनचे पैसे त्यांना. पाकिटं बुधवारी ते मागे ठेवतील. बाकीच्या चार दिवसांचं काही ठरलेलं नाही आणि ते सोपं नसणारे, कारण पाकिटात त्यांना कष्ट कमी आणि सुटणारे पैसे जास्त.

६ ऑगस्ट

एक गोष्ट सुरुवातीपासून मनात होती. काही घरांना कूपनचे पैसे परवडत नाहीत. त्यांची कूपनं पालकसंघ भरतो, पण ती वेगळ्या रंगाची असावीत असा हिशोबाच्या सोयीसाठी प्रस्ताव आला होता. मी बाईंना म्हटलं तसं केलंत तर ती मुलं रांगेत येणारच नाहीत, उपाशी राहतील पण येणार नाहीत. आता सगळ्यांचं कूपन एकाच रंगाचं, वर्गशिक्षक सगळ्यांना एकत्रच वाटतात, कुणाचं कुणी भरलं हे फक्त हिशोबाच्या वहीत. आज सहावीतली एक मुलगी, जी पहिले तीन बुधवार लांब खांबाला टेकून उभी असायची, मक्याच्या रांगेत मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही मुद्दाम.

आजच्या वाट्या ३४०. बीट चवीच्या चमच्यावरून वाटीवर आलंय, ११ वाट्या.

१२ ऑगस्ट

बाईंनी बोलावलं होतं. बाजार पुढे चालू राहील, आणि बुधवारी मधली सुट्टी २५ मिनिटांची करायला त्या तयार आहेत, पाच मिनिटं शेवटच्या तासातून. मी एवढंच मागितलं होतं. आठवीची मुलं परीक्षेमुळे सप्टेंबरमध्ये कमी येतील म्हणून सहावीतली आठ नवीन मुलं घेतली, आज त्यांना सुरी धरायला जुन्याच मुलांनी शिकवलं, बोटं आत वळवून, फळीखाली ओलं फडकं घालून म्हणजे ती सरकत नाही.

गेल्या बुधवारी काकडी तीन किलो उरली होती, उद्यासाठी आठच किलो सांगितलीये. केळी टोकाला हिरवी, दुसऱ्या खोलीत. लिंबं संपलीत, ती सकाळी येताना मीच आणते.